चार वाजून सहा मिनिटं : १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट

चिंचबंदरकर

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराला अडकण म्हणून एक लोखंडाचा तुकडा आहे, साधारण हाताच्या पंजाएवढा, एका बाजूने वाकलेला आणि कड अशी फाटल्यासारखी, म्हणजे कापलेली नाही, कागद टरकावल्यावर दिसते तशी. आजोबा मशीद बंदरला एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. हा तुकडा त्यांना पेढीच्या गच्चीवर मिळाला, १४ एप्रिल १९४४ नंतर दोन-तीन दिवसांनी. लहानपणी आम्हाला एवढंच सांगितलेलं की "गोदीत बॉम्ब फुटला त्यातला". मी बरीच वर्षं समजत होतो की जपान्यांनी विमानातून टाकला असणार.

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या बाहेर अग्निशमन सप्ताहाचा बॅनर लागला आणि कुणीतरी विचारलं की हा १४ एप्रिललाच का सुरू होतो, बाबासाहेबांच्या जयंतीचा काही संबंध आहे का. नाही हो, संबंध या स्फोटाशी आहे. म्हटलं लिहून काढूया.

तर जहाजाचं नाव एस. एस. फोर्ट स्टिकिन. सात हजार टनांच्या वरचं मालवाहू जहाज, १९४२ साली कॅनडात बांधलेलं. फेब्रुवारी १९४४ च्या शेवटी इंग्लंडात बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि १२ एप्रिलला मुंबईत येऊन व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबर धक्क्याला लागलं. पोटात काय होतं बघा : सुमारे १४०० टन दारूगोळा, टॉर्पेडो, सुरुंग, तोफेचे गोळे, पेट्यांत बांधलेली लढाऊ विमानं, आणि एका पोलादी टाकीत सोन्याच्या १२४ विटा. हे सगळं लढाईचं सामान समजू शकतो. पण कराचीला मोकळ्या झालेल्या जागेत काय भरलं? कापसाच्या ८७०० गाठी, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, भंगार, गंधक, माशांचं खत. तेलाच्या पिंपांवरून कप्तानाने कुरकुर केली होती म्हणे, पण लढाईचे दिवस, जागा रिकामी ठेवून कोण जाऊ देणार. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठारात, खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात नाजूक जातीची स्फोटकं. म्हणजे चुलीत आधी पेंढा घातला आणि वर फटाक्यांची पेटी ठेवली.

१४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आसपास शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना फोर्ट स्टिकिनमधून धूर येताना दिसला. ते कुणाला बोलले नाहीत. त्यांना वाटलं त्या जहाजावरच्यांना माहीतच असेल. खुद्द जहाजावर हाकाटी झाली ती दोननंतर. पहिल्यांदा दोनच बंब आले, कारण वर्दी साधी आगीची. नंतर बरेच आले, ३२ नळ लावून ९०० टनांच्या वर पाणी होल्डमध्ये ओतलं. आग विझली नाही. ३.५०ला ज्वाळा डोलकाठीच्या वर गेल्या तेव्हा माणसं उड्या टाकून पळाली. ४.०६ ला जहाज गेलं. अर्ध्या तासाने मागच्या होल्डमधला उरलेला साठाही गेला, तो स्फोट आणखी मोठा होता.

मला स्फोटापेक्षा ते मधले दोन तास झोपू देत नाहीत. दोन तास! सगळे तिथेच होते. कप्तान, बंबखात्याचे प्रमुख, गोदीचे मॅनेजर, दारूगोळ्याचा लष्करी अधिकारी. सगळ्यांना माहीत होतं आत काय आहे. मग जहाज बुडवायचं किंवा बाहेर ओढायचं हे कुणीच का ठरवलं नाही?

सदाफुली

बाप रे. वाचतेय. मी रोज त्या बाजूने लोकलने जाते, कध्धी माहीत नव्हतं. धुराचं कुणी बोललं नाही हे वाचून तर काटाच आला, आमच्या सोसायटीत वायर जळाल्याचा वास अर्धा तास येत होता आणि प्रत्येक मजल्यावरच्यांना वाटलं खालच्यांनी वॉचमनला सांगितलं असेल.

मृतांचा आकडा नाही लिहिलात?

चिंचबंदरकर

@सदाफुली, मुद्दाम नाही लिहिला कारण एक आकडा नाहीचे. ८०० ते १३०० असा सांगतात. बंबखात्याचे ६६ जवान गेले, ते नक्की, भायखळ्याला त्यांच्या मुख्यालयात स्मारक आहे. पण गोदीतले रोजंदारीवरचे हमाल, आसपासच्या वखारीतले, रस्त्यावर झोपणारे यांची मोजदाद कुठल्या वहीत असणार? मुकादमाने सकाळी तोंडी बोलावलेली माणसं ती. बेघर झाले सुमारे ८०,०००.

दर्यावर्दी_७

मर्चंट नेव्हीत २२ वर्षं काढलीत, आता किनाऱ्यावर असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

"बुडवायचं" हे म्हणायला सोपं आहे. गोदीत पाणी किती? जहाजाच्या तळाखाली थोडंच. तुम्ही त्याला भोक पाडलंत तरी ते जेमतेम बसेल, होल्डचा वरचा भाग कोरडाच राहील, आणि नाजूक माल नेमका वरच होता. बाहेर ओढायचं तर स्वतःच्या इंजिनावर ते हलूच शकत नव्हतं, कारण धक्क्याला लागल्यावर इंजिन दुरुस्तीला उघडून ठेवलेलं. मग टग म्हणजे ओढायच्या बोटी बोलवा, गोदीचं फाटक उघडा, दोरखंड सोडा, आणि हे सगळं पेटलेलं जहाज बाकीच्या जहाजांच्या मधून न्या. मध्येच उडालं तर? म्हणजे दोन्ही पर्याय वाईट होते. पण तिसरा पर्याय, म्हणजे "बघू, विझतेय का", तो सगळ्यात वाईट होता आणि तोच आपोआप निवडला गेला, कारण तो निवडायला कुणाची सही लागत नाही.

आता पाण्याचं. होल्डमध्ये वरून पाणी मारलं की ते खाली साठतं. कापसाची गाठ गच्च आवळलेली असते, आत पाणी शिरत नाही पण विस्तव मात्र तासन्‌तास धुमसत राहतो. पाण्याची पातळी चढली तशा धुमसत्या गाठी तरंगत वर आल्या. वर काय होतं ते धागाकर्त्याने लिहिलंच आहे. म्हणजे बंबवाले इमानेइतबारे आगीला लिफ्टने वर नेत होते. त्यांची चूक नाही, त्यांना आग नेमकी कुठे आहे हेच कळत नव्हतं. साधारण तीन वाजता जहाजाच्या डाव्या अंगाला पत्र्यावरचा रंग फुगून यायला लागला, म्हणजे आग त्याच्या मागेच. तिथे गॅसकटरने भोक पाडून थेट पाणी मारायचं ठरलं. कटर आणला तर तो नीट चालेना. ही एक गोष्ट वाचली की अजूनही माझ्या हाताला घाम येतो, कारण ऐन वेळी न चालणारी अवजारं मी जहाजावर खूप बघितलीत. कपाटात असतात, वहीत "तपासले" अशी सही असते.

आणि लाल बावटा. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. यांनी लावला नव्हता. लढाईत तो लावणं म्हणजे शत्रूला पत्ता देणं, आणि मुंबईत तेव्हा सगळ्याच जहाजांवर काही ना काही असायचंच. नेहमीच्या काळात असा माल धक्क्यावर उतरवत नाहीत, जहाज बाहेर पाण्यात उभं करून पडावात, म्हणजे माल वाहायच्या होड्यांत, उतरवतात. इथे जहाज थेट आत घेतलं, आणि दारूगोळा न्यायचे पडाव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलेच नाहीत. तोवर माशांचं खत आणि लाकूड उतरवत बसले.

कोकणी बाणा

सगळं ठीक आहे पण हा घातपात नव्हता कशावरून? जपान बर्मेपर्यंत आलेला, एप्रिल ४४ म्हणजे कोहिमा-इंफाळची लढाई ऐन भरात. आणि दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन (व्हिएतनाम) रेडिओवरून या स्फोटाची सविस्तर बातमी आली. इकडे ब्रिटिशांनी बातमी दाबून ठेवलेली. यांना इतक्या लवकर कळलं कसं? विचार करा.

चिंचबंदरकर

@कोकणी बाणा, रेडिओचं खरं आहे. पण मुंबईतल्या लाखो लोकांनी धूर बघितला, आवाज ऐकला, सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली, १७०० किलोमीटरवर. हे गुपित कसलं राहणार. बातमी शत्रूला कळली आणि मुंबईबाहेरच्या आपल्या लोकांना नाही, एवढाच त्या सेन्सॉरचा पराक्रम. बाहेरच्या जगात नीट छापून यायला मे महिना उजाडला.

चौकशी आयोग बसला होता, त्यांचा निष्कर्ष अपघात. कापसात आग, बहुधा कुणाच्या विडी-सिगारेटने. मला तेही जरा सोयीचं वाटतं, विडी ओढणारा हमाल स्फोटात मेला, तो काय साक्षीला येणार. पण समजा विडी होती. विडीने आग लागली, शहर उडालं ते विडीने नाही. कापूस आणि स्फोटकं एका होल्डमध्ये कुणी ठेवली, ते आदेश कागदावर होते.

कोकणी बाणा

हम्म. कागदाचा मुद्दा मान्य. पण शंका आहे ती आहे.

मेपलची फांदी

मी हॅलिफॅक्सला राहते, कॅनडा. तुमचा धागा वाचताना मला आमच्याच बंदराची गोष्ट कुणी मराठीत सांगतंय असं वाटत होतं. ६ डिसेंबर १९१७. फ्रेंच जहाज माँ ब्लाँ, पोटात टीएनटी, पिक्रिक अॅसिड, गनकॉटन अशी स्फोटकं आणि डेकवर बेन्झॉल या जळाऊ इंधनाची पिंपं. बंदराच्या चिंचोळ्या भागात नॉर्वेच्या इमो या जहाजाशी टक्कर झाली, टक्कर म्हणावी तर फार मोठी नाही, पण पिंपं फुटली आणि ठिणगी पडली. यांच्यावरही लाल बावटा नव्हता, कारण तेच, पाणबुड्यांची भीती!

तिथे दोन तास नव्हते, वीसेक मिनिटं होती. खलाशांना माहीत होतं, ते होड्या वल्हवत पलीकडच्या किनाऱ्याला पळाले. गावाला माहीत नव्हतं. म्हणून लोक बघायला आले. डिसेंबरची थंडी, शाळेची वेळ, घरातली बायामुलं काचेला नाक लावून आग बघत होती. ९.०४ ला जहाज उडालं आणि त्या सगळ्या काचा घरात आल्या. मेले जवळपास २०००, जखमी ९०००, आणि डोळे गेलेल्यांची संख्या इतकी की अंधांसाठीची मदत हा इथे वेगळाच अध्याय आहे.

रेल्वेचा एक तारबाबू होता, व्हिन्सेंट कोलमन. त्याला एका खलाशाकडून कळलं की जहाजात स्फोटकं आहेत. तो निघाला होता, परत फिरला, कारण प्रवासी गाडी यायची होती. गाडी थांबवा म्हणून तार केली आणि स्फोटात तिथेच मरण पावला. बॉस्टनहून लगेच मदत आली म्हणून आमचा प्रांत अजून दर नाताळला बॉस्टनला मोठं झाड पाठवतो.

चिंचबंदरकर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या कोलमनमध्ये आहे असं मला वाटतं. त्याला कुणाची परवानगी विचारायची नव्हती. तारेचं यंत्र त्याच्याच हातात होतं.

बिनखिडकी

मेपलताई, मस्त लिहिलंय, वेगळा धागा काढा.

बाकी सगळे एवढे गंभीर झालात, सोन्याचं कुणीच विचारत नाही?? १२४ विटा!!! कुठे गेल्या?

चिंचबंदरकर

हाहा, वाटच बघत होतो. एकेक वीट जवळपास पावणेतेरा किलोची. स्फोटात उडाल्या. गोदीपासून मैलभर लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात वरून छप्पर फोडून एक वीट येऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. बक्षीस मिळालं ९९९ रुपये, तेही त्यांनी स्फोटग्रस्तांना देऊन टाकले म्हणतात. बाकीच्या बऱ्याचशा विटा गोदीच्या गाळात मिळाल्या, गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं एखाददुसरी निघत राहिली. सोनं बँक ऑफ इंग्लंडने रिझर्व्ह बँकेसाठी पाठवलेलं, रुपया सावरायला.

बिनखिडकी

९९९!! एक रुपया कशाचा कापला, खड्ड्याचा?

सदाफुली

😂

पण बंबवाल्यांचं मनातून जात नाहीये. ३.५०ला ज्वाळा वर गेल्यावर ते पळाले ना? मग ६६ कसे?

दर्यावर्दी_७

@सदाफुली, सोळा मिनिटांत गोदीतून किती लांब जाणार? आणि बरेच जण धक्क्यावरून पुन्हा नळ धरून उभे राहिले, जहाज सोडलं म्हणजे आग सोडली असं त्यांच्यात नसतं. कप्तान आणि त्याचा मुख्य अधिकारी जहाजावर कुणी राहिलं नाही ना हे बघून निघाले होते, ते पहिल्या स्फोटात गेले.

त्याच धक्क्याजवळ जलपद्म नावाचं जहाज होतं, चारेक हजार टनांचं. स्फोटाच्या लाटेने त्याचा मागचा भाग उचलून शेडच्या छपरावर नेऊन ठेवला. जहाज, छपरावर. फोटो आहे त्याचा, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा उलटा छापलाय असं वाटलेलं. लहानमोठी धरून डझनभर जहाजं बुडाली किंवा कायमची निकामी झाली.

अलिबागचा पांढरा कांदा

मुंबईचं बंदर आणि दुर्घटना म्हटलं की आमच्याकडे एकच नाव निघतं, रामदास बोट. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली, बहुतेक आमच्या तालुक्यातली, सणाला घरी निघालेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ता नाही. जे वाचले त्यांतले बरेच रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी होड्या घालून वाचवले. माझ्या आजीच्या माहेरचे दोघे त्यात गेले, त्यामुळे आजी कधी लाँचमध्ये बसली नाही, शेवटपर्यंत पनवेलवरून एसटीने मुंबईला जायची.

अवांतर झालं का? झालं असेल तर सॉरी.

चिंचबंदरकर

अवांतर कसलं. स्फोटाला तीन वर्षं पुरी झाली होती आणि आणखी तीन महिने, त्याच बंदरात. काहीतरी जळताना किंवा बुडताना दिसलं तर पहिल्या पाच मिनिटांत कुणी कुणाला सांगायचं, हे तेव्हाही ठरलेलं नव्हतं.

आजोबांबद्दल दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला म्हणून इथेच लिहितो. ते पेढीवर होते. पहिल्या आवाजाला त्यांना वाटलं इमारत खचली, दौत सांडली आणि रोजमेळावर सगळीकडे निळं झालं. खाली आले तर रस्त्यावर लोक दोन्ही दिशांना पळत होते, म्हणजे कुठून पळायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. ते व्हीटीच्या दिशेने चालत निघाले आणि वाटेत असताना दुसरा आवाज झाला. आजोबा म्हणायचे की दुसऱ्या वेळी आवाज आलाच नाही, कान आधीच बंद झालेले, फक्त अंगावरचं धोतर फडफडलं. आकाशातून पेटलेला कापूस पडत होता. हे मी लहान असताना त्यांना पुन्हा पुन्हा विचारायचो, कापूस कसा पडत होता, आणि ते हाताने दाखवायचे, सावकाश.

धान्याच्या वखारी कित्येक दिवस धुमसत होत्या. करपलेला तांदूळ भिजून आंबला, त्याचा वास महिनाभर होता. पेढीवरून नोकरांना अर्धवट वाचलेला तांदूळ स्वस्तात दिला, तो आजीने तीनतीनदा धुऊन शिजवला तरी धुराची चव जाईना. बंगालच्या दुष्काळाला वर्ष व्हायचं होतं, फेकून देण्याची कुणाची छाती नव्हती. आत्याला आयुष्यभर जरा लागलेला भात चालायचा नाही, पातेलं खाली लागलं की उठून जायची.

कोकणी बाणा

हे मात्र लिहून ठेवा नीट. आयोगाच्या रिपोर्टात भाताचा वास नसतो.

दर्यावर्दी_७

एक विचारू? तो दाराचा तुकडा. फोटो टाका ना. आणि आधी एक सांगा, तो भरीव आहे का पोकळ? पोकळ असेल आणि टोकाला पितळ असेल तर कृपा करून हात लावू नका, पोलिसांना कळवा. चेष्टा नाही करत. त्या गोदीच्या गाळात अगदी अलीकडेपर्यंत जिवंत गोळे मिळालेत.

सदाफुली

अय्यो!!

चिंचबंदरकर

घाबरवलंत राव. आई स्वयंपाकघरात आहे, तिला बाहेर ये म्हटलं तर म्हणाली पोळी तव्यावर आहे.

बघितला. भरीव आहे, सपाट पत्राच आहे, जाड, माझ्या करंगळीपेक्षा जाड. एका कडेला दोन भोकं आहेत, एक पूर्ण गोल, एक अर्धं फाटलेलं. इतकी वर्षं बघतोय, भोकं आज दिसली. फोटो टाकलाय खाली.

दर्यावर्दी_७

हुश्श. ती रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडायच्या लोखंडी मेखांची, भोकं आहेत. ही फोर्ट जहाजं रिव्हेट मारून बांधायचे, अमेरिकन लिबर्टी जहाजं वेल्डिंगची. अर्धं भोक म्हणजे पत्रा बरोबर रिव्हेटच्या ओळीवर फाटलाय, तिथेच तो कमकुवत असतो.

पण फोर्ट स्टिकिनचाच आहे असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. जलपद्म पण असू शकतं, दुसरं एखादं जहाजही. गोदीतल्या शेडचे खांब, क्रेनसुद्धा रिव्हेटच्याच.

बिनखिडकी

सोन्याची वीट नाही ना नक्की? एकदा घासून बघा.

चिंचबंदरकर

घासला. लोखंडच आहे. वजन करायला गेलो तर आईच्या काट्यावर मावेना.

आई विचारतेय झालं का फोटो काढून, दार आपटतंय.